सध्या काय वाचताय? पुस्तकांबद्दल सांगताना आणि सुचवताना

वाचणाऱ्या चार माणसांत नव्याने जाऊन बसलं की पहिला प्रश्न ठरलेला: "सध्या काय वाचताय?" आणि इथेच अनेकांची बोलती बंद होते. कुणाला वाटतं, आपण वाचलेलं पुस्तक फारच साधं आहे, ही मंडळी नाक मुरडतील. कुणाला पुस्तक मनापासून आवडलेलं असतं, पण 'छान आहे'च्या पुढे गाडी सरकत नाही. तिसरा प्रकार याच्या अगदी उलट. तो पहिल्याच भेटीत अख्खी गोष्ट शेवटासकट सांगून मोकळा होतो. हा लेख तिघांसाठीही आहे. पुस्तकांवर बोलायला समीक्षक असावं लागत नाही. थोडी पद्धत लागते, आणि ती चार-पाच पुस्तकांत अंगवळणी पडते.

आधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवू. वाचलेल्याबद्दल सांगणं हे एक काम आणि पुस्तक सुचवणं हे दुसरं. सांगताना तुम्ही स्वतःच्या वाचनाबद्दल बोलत असता, ऐकणारं कुणीही असो. सुचवताना समोर एक ठरावीक माणूस असतो. त्याची आवड, त्याचा वेळ, त्याची सध्याची मनःस्थिती हे सगळं त्यात येतं. या दोन कामांची सरमिसळ झाली की 'प्रत्येकाने वाचलंच पाहिजे' हे वाक्य तोंडातून निघतं. प्रत्येकाने वाचलंच पाहिजे असं पुस्तक मला तरी अजून भेटलेलं नाही. म्हणून आधी सांगण्याचं बघू, मग सुचवण्याचं.

वाचतानाच खुणा करा

पुस्तक मिटल्यावर महिनाभराने डोक्यात काय उरतं? कथानकाचा सांगाडा, एखाद-दुसरं नाव आणि एक धूसर 'आवडलं होतं'. एवढ्या भांडवलावर बोलायला बसलं की माणूस मलपृष्ठावरचा मजकूरच आपल्या शब्दांत म्हणून दाखवतो. त्यामुळे टिपण वाचतावाचता करायचं. पुस्तक स्वतःचं असेल तर शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने, ग्रंथालयाचं असेल तर आत ठेवलेल्या चिठ्ठीवर. पान क्रमांक आणि पुढे दोन-तीन शब्द, बस.

कशाची नोंद करायची? सुंदर वाक्यांची करतातच सगळे. त्यापेक्षा तीन जागा टिपा: जिथे तुम्ही मागे जाऊन पुन्हा वाचलंत, जिथे पुस्तक उपडं ठेवून उठलात आणि जिथे कंटाळलात. कंटाळ्याची नोंद सगळ्यांत मोलाची, कारण पुस्तक संपल्यावर तीच पहिल्यांदा विसरली जाते. शेवट चांगला असला की मधली सत्तर पानं कशी रेटली होती ते माफ होऊन जातं, आणि मग आपण दुसऱ्याला सांगतो, "सुरू केलं की खाली ठेववत नाही."

ई-पुस्तकात अक्षरांचा आकार बदलला की पानं बदलतात, तेव्हा तिथे प्रकरणाचा क्रमांक लिहावा. श्राव्य पुस्तक असेल तर ते ऐकलं असं स्पष्ट सांगावं आणि वाचणाऱ्याच्या आवाजाबद्दलही दोन शब्द बोलावेत. एरवी बरं असलेलं पुस्तक सपाट अभिवाचनाने मार खातं आणि सामान्य पुस्तक चांगल्या आवाजात तरून जातं.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचं काय? तीही सांगावीत. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये ग्रंथपाल राहिलेल्या नॅन्सी पर्ल यांचा एक नियम वाचकांमध्ये बराच प्रसिद्ध आहे: कुठल्याही पुस्तकाला ५० पानं द्या, तोवर पटलं नाही तर खुशाल सोडा. वय पन्नाशीपलीकडे असेल तर १०० मधून आपलं वय वजा करायचं आणि उरतील तेवढीच पानं द्यायची. म्हणजे सत्तरीच्या वाचकाने तीस पानांत निकाल लावावा. (या बाईंची, तोंडावर बोट ठेवून 'शूऽऽ' करणारी छोटी बाहुलीही निघाली होती. ग्रंथपालाच्या वाट्याला एवढी कीर्ती क्वचितच येते.) नियम मला आवडतो, पण सहाशे पानांच्या कादंबरीला ५० पानं म्हणजे नुसता उंबरठा, तिथे थोडी सवलत द्यावी लागते. मुद्दा एवढाच की सोडलेल्या पुस्तकाबद्दल बोलताना कितव्या पानावर सोडलं ते सांगायचं. 'रटाळ आहे' आणि 'चाळिसाव्या पानावर सोडलं, तोवर नुसती वंशावळच चालली होती' यांपैकी दुसऱ्या वाक्यावरून ऐकणारा स्वतःचा निर्णय घेऊ शकतो.

नोंद कशी लिहावी

बोलून सांगा किंवा लिहून, आधी शंभर-दीडशे शब्दांची नोंद स्वतःसाठी करावी. सुरुवात पुस्तकाच्या पत्त्याने: नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक, प्रकाशन आणि आवृत्ती. अनुवादकाचं नाव वगळणं ही वाईट खोड आहे, आणि ती केवळ सौजन्याची बाब नाही. एकाच पुस्तकाचे दोन-तीन अनुवाद बाजारात असतात. त्यातला एखादा संक्षिप्त असतो आणि तसं ते आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. तुम्ही साडेचारशे पानांच्या पुस्तकाचं तोंडभरून कौतुक कराल आणि ऐकणारा पावणेदोनशे पानांचं बाड घरी नेईल. शंका नको असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक द्या. तो २००७ पासून तेरा अंकी असतो, त्याआधीच्या पुस्तकांवर दहा अंकी दिसतो. प्रत्येक आवृत्तीला आणि कागदी-ई अशा प्रत्येक रूपाला तो वेगळा असल्यामुळे घोटाळा होत नाही.

वर्षाचंही तसंच. हातातली प्रत मागच्या वर्षी छापलेली असेल, पण पहिली आवृत्ती सत्तर वर्षांपूर्वीची असू शकते. नव्या मुखपृष्ठामुळे ते कळत नाही. पहिल्या आवृत्तीचं वर्ष सांगितलं की वाचणारा त्या काळच्या भाषेची आणि समजुतींची तयारी ठेवून बसतो.

आता मजकूर. नमुन्यादाखल आपल्याकडे कायम ऐकू येणारी एक नोंद बघा:

"नुकतीच एक अप्रतिम कादंबरी वाचून संपवली. लेखकाची भाषा ओघवती आहे. पात्रं जिवंत वाटतात. शेवटपर्यंत खिळवून ठेवते. सर्वांनी आवर्जून वाचावी."

यात खोटं काही नसेल. पण ही नोंद उचलून दुसऱ्या कुठल्याही कादंबरीला चिकटवली तरी चालून जाते, आणि तिथेच ती फुकट जाते. आता एक काल्पनिक कादंबरी घेऊ आणि तिची नोंद वेगळ्या तऱ्हेने लिहू:

"दीपगृहावर तीस वर्षं नोकरी केलेला एक रखवालदार. दिवा आता यंत्रावर चालणार, म्हणून सहा महिन्यांत त्याला बेट सोडायचं आहे. कादंबरी या सहा महिन्यांची. घडत फारसं काही नाही. निम्मं पुस्तक तो रोजची कामं करत असतो: काचा पुसणं, वहीत वाऱ्याची नोंद करणं, बोटीची वाट बघणं. पहिली साठ पानं मला जड गेली. मग एका रात्री तो हवामानाच्या रकान्यात चुकून बायकोबद्दल एक वाक्य लिहून बसतो, आणि ते खोडावं की राहू द्यावं यात पहाट होते. तिथून पुढे पुस्तक सोडवलं नाही. वाक्यं लहान, संवाद जवळजवळ नाहीत. रोज झोपण्याआधी दहा-दहा पानं वाचणाऱ्यांना जमेल. प्रवासात भराभरा पानं उलटावीत असं काही हवं असेल तर हे नको."

दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघा. दुसरीत 'अप्रतिम' नाही, 'ओघवती' नाही, तरी पुस्तक कसं आहे ते कळतं. गोष्ट दोन-तीन वाक्यांत आटोपली आहे, कारण गोष्ट सांगणं हे नोंदीचं काम नव्हे. एक प्रसंग जवळून दाखवला आहे, तोही असा की शेवट फुटत नाही. आणि शेवटची दोन वाक्यं तर सगळ्यांत कामाची: हे कुणाला जमेल आणि कुणाला नाही. माझ्या मते नवख्याने एकच सवय लावून घ्यायची तर ती या 'नको'च्या वाक्याची. ते लिहायला बसलं की पुस्तकाचा विचार आपोआप नीट होतो, आणि ऐकणाऱ्याचा तुमच्यावरचा विश्वासही वाढतो. सगळ्याच पुस्तकांची भलामण करणाऱ्याचं थोड्याच दिवसांत कुणी मनावर घेत नाही.

विशेषणं गाळायची एक सोपी युक्ती आहे. जिथे विशेषण सुचेल तिथे तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत ते लिहायचं. 'गुंतागुंतीचं कथानक' असं लिहिण्याऐवजी 'तीनदा मागे जाऊन कोण कुणाचा भाऊ ते तपासावं लागलं'. 'विचारप्रवर्तक' याच्याऐवजी नेमका कुठला विचार डोक्यात घोळत राहिला ते. आणि पाचपैकी साडेतीन असे गुण देण्याच्या फंदात पडू नका. तुमचे साडेतीन आणि माझे साडेतीन यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

साहित्यप्रकार बदलला की नोंदीतले प्रश्नही थोडे बदलतात. माहितीपर पुस्तक असेल तर आधी किती ठाऊक असावं लागतं, लेखक आपल्या म्हणण्याला आधार देतो का आणि विषय जुना झाला आहे का, हे सांगावं. पंचवीस वर्षांपूर्वीचं संगणकावरचं पुस्तक आणि तेवढंच जुनं ज्योतिर्गणितावरचं पुस्तक यांचं वय सारखं नसतं. कथासंग्रह असेल तर कुठल्या दोन कथांपासून सुरुवात करावी ते सांगा. पहिलीच कथा पडेल असली तर लोक संग्रह बाजूला ठेवतात. कवितांच्या बाबतीत फार वर्णन न करता चार ओळी वाचून दाखवाव्यात आणि गप्प बसावं.

किती फोडायचं?

ढोबळ नियम असा: मलपृष्ठावर जे छापलं आहे आणि साधारण पहिल्या चतुर्थांशात जे घडतं, तेवढं उघडपणे बोलायला हरकत नाही. त्यापुढचं बोलायचं असेल तर आधी विचारून घ्या, "कुणाचं वाचायचं राहिलंय का?" यात लोक एक गोष्ट विसरतात. 'शेवटी अशी काही कलाटणी आहे की बास!' असं सांगणं हाही रहस्यभेदच. मग वाचणारा पहिल्या पानापासून कलाटणीच्या मागावर राहतो आणि लेखकाने मधे रचलेलं काहीच त्याला धड दिसत नाही. खुनाच्या कादंबरीबद्दल बोलताना तर 'मला वाटलं होतं तो नव्हताच' हेही जरा जास्तच होतं.

पुराणकथेवरची किंवा ऐतिहासिक कादंबरी असेल तर हा प्रश्न येत नाही. शेवट सगळ्यांना ठाऊकच असतो. तिथे लेखकाने कुणाच्या बाजूने सांगितलं आहे आणि कुठला प्रसंग वगळला आहे हे बोलण्यासारखं.

एका बाबतीत मात्र मी रहस्याची पर्वा करत नाही. पुस्तकात लहान मुलाचा मृत्यू, आत्महत्या, लैंगिक अत्याचार असं काही सविस्तर येत असेल, तर आगाऊ कल्पना द्यावी. मोठ्याने जाहीर करायची गरज नाही. "मधे एक भाग फार त्रासदायक आहे, हवं तर सांगतो काय ते," एवढं पुरतं. ज्याला नको असेल तो कान बंद करील, ज्याला गरज असेल तो विचारील.

सुचवणं: आधी विचारा

एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक, पुढे ग्रंथपाल झाले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली, ती आजही जगभरच्या ग्रंथपालांना शिकवली जाते. त्यातलं दुसरं सूत्र, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आणि चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. सुचवण्याची सगळी कला या तीन सूत्रांत आली. पुस्तक कितीही थोर असो, ते 'त्याचं' आहे का, हे बघायचं. आणि ते बघायचं तर आधी माणसाला विचारावं लागतं.

ही बातचीत बघा.

"काका, काहीतरी सुचवा ना. हलकंफुलकं."

"याआधी वाचलेलं असं कुठलं आवडलं होतं तुला?"

"प्रवासवर्णन. सायकलवरून केलेल्या प्रवासाचं होतं."

"त्यात काय आवडलं? तो मुलूख, की सांगणारा?"

"सांगणारा. स्वतःचीच फजिती काय मजेत सांगत होता! मुलखाचं म्हणाल तर आता काही आठवत नाही."

"आणि मधे सोडून दिलेलं एखादं?"

"एक विनोदी म्हणून दिलं होतं कुणीतरी. पण सारखे शब्दांचे खेळ. दमले मी."

दुसरा प्रश्न विचारला नसता तर काकांनी आणखी दोन प्रवासवर्णनं हातात ठेवली असती, आणि ती दोन्ही पडून राहिली असती. मुलीला प्रवास नको आहे. तिला स्वतःवर हसणारा, साध्या भाषेत बोलणारा माणूस हवा आहे. तो एखाद्या आत्मकथनात सापडेल, डॉक्टरच्या किंवा शिक्षकाच्या आठवणींत सापडेल, ललित लेखांतही सापडेल. तिसऱ्या उत्तराने कोटीबाज विनोदाचं दालन बंद झालं. तीन प्रश्नांत एवढं काम होतं.

नॅन्सी पर्ल यांची आणखी एक मांडणी इथे उपयोगी पडते. त्या म्हणतात, पुस्तकात शिरायला चार दारं असतात: कथानक, पात्रं, परिसर आणि भाषा. प्रत्येक पुस्तकाला चारही असतात, पण कुठलं दार किती मोठं ते पुस्तकागणिक बदलतं, आणि प्रत्येक वाचक आपल्या आवडीच्या दाराने आत जातो. पुढे काय होणार या ओढीने वाचणाऱ्याला भाषेच्या दाराचं पुस्तक दिलं तर तो दहाव्या पानावर जांभई देतो, आणि तुम्हाला वाटतं की याला वाचनाची जाणच नाही. जॉइस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राउन या दोन ग्रंथपालांनी १९८९ मध्ये याच विषयावर ग्रंथपालांसाठी एक पुस्तक लिहिलं. पुस्तक कशावर आहे यापेक्षा ते वाचताना कसं वाटतं, त्याची गती काय, हे विचारा, असा त्याचा रोख आहे. म्हणूनच एखाद्याने "मला ऐतिहासिक आवडतं" म्हटलं की लगेच हुरळून जाऊ नये. त्याला लढाया आवडतात, राजकारण आवडतं, की जुन्या काळचं घरदार, हे तीन वेगवेगळे वाचक आहेत.

'हलकं' या मागणीचीही फोड करून घ्यावी. कुणाला कमी पानांचं हवं असतं, कुणाला विनोदी, कुणाला सोप्या भाषेतलं, आणि कुणाला फक्त एवढंच की शेवटी कुणी मरायला नको.

नावं किती द्यायची? दोन. फार तर तीन. एक अगदी मागणीबरहुकूम आणि दुसरं जरा बाजूचं, जे त्याने स्वतःहून उचललं नसतं. पंचवीस पुस्तकांची यादी दिली की समोरचा "वा, वा!" म्हणतो, फोटो काढून घेतो आणि त्यातलं एकही वाचत नाही. रंगनाथनांचं चौथं सूत्र मोडतं ते इथे. प्रत्येक नावासोबत एका वाक्यात कारण जोडा: "तुला तो सांगणारा आवडला ना, म्हणून हे."

एखाद्या लेखकाची ओळख करून द्यायची असेल तर त्याच्या सगळ्यांत गाजलेल्या, जाडजूड पुस्तकापासून सुरुवात करून देऊ नका. लहानसं, पण त्याचा सगळा बाज ज्यात आला आहे असं पुस्तक निवडा. आवडलं तर जाडजूड पुस्तकाकडे तो आपल्या पायांनी जाईल. सुचवलेलं पुस्तक मिळतं का, तेही बघून ठेवा. आवृत्ती संपून वीस वर्षं झालेल्या पुस्तकाचं नुसतं गुणगान म्हणजे समोरच्याला तळमळत ठेवणं. "दुकानात नाही, पण जुन्या ग्रंथालयात असेल" एवढं तरी सांगावं.

स्वतः वाचलेलं नसेल तर तसं सांगून टाकायचं: "मी वाचलेलं नाही, पण या विषयावर याचं नाव ऐकतो." कॉलेजात असताना वाचलेलं असेल तर तेही. तेव्हा जीव ओवाळून टाकलेली पुस्तकं आज उघडली तर दहा पानंही पुढे जात नाहीत, हा अनुभव दुर्मीळ नाही.

मुलांसाठी पुस्तक मागायला बहुधा आईवडील येतात, आणि ते मुलाने काय वाचावं ते सांगतात. मुलाला काय वाचायचंय ते मुलालाच विचारायला हवं. त्याला खेकड्यांची माहिती हवी असेल तर ती द्या, बोधकथा राहू द्या. दुःखात किंवा आजारपणात असलेल्या माणसाला, त्याने मागितल्याशिवाय, त्याच दुःखावरचं पुस्तक देऊ नये. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण अशा वेळी अनेकांना आपल्या दुःखापासून तासभर लांब नेणारं पुस्तक हवं असतं.

यंत्राकडून याद्या करून घेण्याची सोय आता आहे, तेव्हा त्याबद्दल एक सूचना. मे २०२५ मध्ये शिकागोच्या एका दैनिकात उन्हाळी वाचनासाठी पंधरा पुस्तकांची यादी छापून आली. लेखक खरे होते, पण त्यातली दहा पुस्तकं मुळात अस्तित्वातच नव्हती. कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली ती नावं कुणीही न तपासता पुरवणीत गेली होती. यंत्राने सुचवलेलं नाव पुढे सांगण्याआधी ग्रंथालयाच्या किंवा प्रकाशकाच्या सूचीत ते पुस्तक सापडतं का बघा, आणि ते चाळल्याशिवाय 'छान आहे' म्हणू नका.

सुचवून झाल्यावर

पाठपुरावा करू नये. "वाचलंस का?" हे तीनदा विचारलं की पुस्तकाचा गृहपाठ होतो. वाचून त्याला आवडलं नाही, तर बाजू लढवत बसण्याऐवजी विचारा, "कुठे अडलं?" तो म्हणेल, "सगळे नुसते विचारच करत बसतात." झालं, पुढच्या वेळी काय द्यायचं ते कळलं. नापसंतीतून माणसाची आवड जितकी कळते तितकी पसंतीतून कळत नाही.

मतभेद पुस्तकावर ठेवावेत, वाचकावर नेऊ नयेत. 'मला ही कादंबरी भडक वाटली' यावर बोलता येतं. 'असलं लोक वाचतात तरी कसं' यावर फक्त भांडण होतं, आणि ज्याने ते नुकतंच मनापासून वाचलेलं असतं तो परत तोंड उघडत नाही. लोकप्रिय पुस्तकांना नावं ठेवणं ही जुन्या वाचकांची खास खोड. नव्यांनी ती उचलू नये, आणि ऐकून घाबरूही नये. ज्यांनी नावं ठेवली त्यांनीही ती पुस्तकं एकेकाळी रात्र जागून वाचलेली असतात.

पुस्तक स्वतःचं, मित्राचं किंवा प्रकाशकाकडून भेट आलेलं असेल तर बोलायच्या आधी ते सांगावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण नंतर कळलं की तोंडभर स्तुतीचा रंग उडतो. मूळ प्रत बाजारात असताना छापील पुस्तकाची चोरटी पीडीएफ वाटू नये. ज्या लेखकाचं कौतुक चाललंय त्याचंच त्यात नुकसान असतं. हक्काची मुदत संपलेली पुस्तकं खुशाल वाटा. स्वतःची प्रत वाचायला दिलीत तर कुणाला, कधी दिली ते वहीत लिहून ठेवा. स्मरणशक्तीवर विसंबून कपाट रिकामं झालेले खूप वाचक आहेत.

सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं ठरलं तर

सिअ‍ॅटलमध्ये १९९८ साली सगळ्या शहराने एकच पुस्तक वाचावं असा उपक्रम निघाला, त्यामागेही नॅन्सी पर्लच होत्या. नंतर अनेक शहरांनी त्याचं अनुकरण केलं. पाच-सात जणांच्या गटातही हे छान जमतं, फक्त पुस्तक सगळ्यांना वेळेत मिळेल असं हवं आणि शक्यतो अडीचशे पानांच्या आत. ज्यावर एकमत होईल असं पुस्तक निवडू नका. सगळ्यांना सारखंच आवडलं की चर्चा दहा मिनिटांत संपते. सुरुवात "आवडलं का?" या प्रश्नाने करू नये, कारण त्यावर हो किंवा नाही एवढंच येतं. "कुठल्या पानावर थांबलात?" असं विचारा. एकजण छत्तिसावं पान सांगेल, दुसरा म्हणेल मला तर तिथे काहीच वाटलं नाही, आणि मग बोलायला विषय मिळतो.

दुसऱ्याने सुचवलेलं घेताना

यादीत नुसतं पुस्तकाचं नाव लिहू नका. कुणी सुचवलं आणि काय म्हणून, हेही शेजारी लिहा. वर्षभराने यादी उघडली की नुसती नावं मुकी वाटतात. 'मीराताई, भाषेसाठी' असं लिहिलेलं असेल तर पुस्तक कुठल्या वेळी काढायचं ते लगेच कळतं. हळूहळू कुणाचा शब्द आपल्यासाठी खरा ठरतो तेही त्या यादीतून दिसतं. आवड तंतोतंत जुळणारा माणूस क्वचितच मिळतो, पण ज्याची नावड आपल्याला नेमकी उपयोगी पडते असा माणूस मिळतो. त्याने एखादं पुस्तक 'फार संथ' म्हणून टाकून दिलं की ते आपण बिनधास्त घ्यावं.

सगळं सुचवलेलं वाचायची सक्ती नाही. "आत्ता नको, यादीत टाकतो," हे सरळ उत्तर आहे आणि त्याने कुणाचा अपमान होत नाही. पण वाचलंत, तर ज्याने सुचवलं त्याला दोन ओळी जरूर कळवा, आवडलं नसलं तरी. काय चाललं आणि काय नाही हे कळल्याशिवाय त्याला पुढचं पुस्तक नीट सुचवता येणार नाही.